पोर्ट टॅल्बट : पोलादाच्या या गावातून इतके नट निघाले कसे?

सांजवारा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक विषय इथे मांडतो.

मी ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये, स्वान्सीला राहतो. इथून कार्डिफकडे निघालं की एम-४ महामार्ग पोर्ट टॅल्बट गावाच्या अक्षरशः डोक्यावरून जातो. खांबांवर उचललेला रस्ता, खाली एकमेकींना खेटून ओळीने उभी असलेली घरं, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे दूरवर पसरलेला पोलादाचा कारखाना. वस्ती फार नाही, तीस-पस्तीस हजारांची. बहुतेक लोक हे गाव गाडीच्या काचेतूनच बघतात आणि पुढे जातात.

पण या गावाची माणसं बघा. रिचर्ड बर्टन इथला. अँथनी हॉपकिन्स इथला. मायकेल शीन इथे वाढला. विनोदी नट रॉब ब्रायडन इथल्याच बॅग्लन भागात जन्मला. तीन पिढ्यांत जगभर नाव झालेले तीन मोठे नट एवढ्याशा गावाने दिले. नाट्यशाळांसाठी प्रसिद्ध असलेलं हे शहर नाही, इथे मोठी नाटक मंडळी नव्हती. होता तो कारखाना, आजूबाजूच्या दऱ्यांतल्या कोळशाच्या खाणी, गोदी आणि चॅपेलं, म्हणजे वस्तीतली साधी प्रार्थनाघरं.

हा निव्वळ योगायोग मानायचा की यामागे काही कारण आहे? मला स्वतःला कारण आहे असं ठामपणे वाटतं, पण आधी तुमची मतं ऐकायची आहेत. नटांपुरतंच राहायला हवं असं नाही, गावच्या इतर माणसांबद्दलही लिहा.

तिखटमीठ

बर्टन आणि हॉपकिन्स एकाच गावचे? हे अजिबात माहीत नव्हतं. वाचतेय.

निशाचर

विषय चांगला आहे, पण आधी थोडी छाननी करू. बर्टनचा जन्म पॉन्टरिडिवेनचा, म्हणजे दरीत आत असलेल्या खेड्यातला. हॉपकिन्स मार्गमचा. शीन तर न्यूपोर्टला जन्मला. मग 'पोर्ट टॅल्बटचे तीन नट' हा हिशोब बसतो कसा? शेजारच्या स्वान्सीची कॅथरीन झीटा-जोन्स, नीथचा रे मिलँड. असं वर्तुळ मोठं करत गेलं तर सगळा किनाराच नटांनी भरलेला दिसेल.

सांजवारा

मार्गम हा पोर्ट टॅल्बटचाच भाग आहे, कारखान्याला लागून. बर्टन दोन वर्षांचा असल्यापासून टायबाखमध्ये वाढला, तेही गावातच. शीनची शाळा, मित्र, नाटक सगळं इथलं. माणूस कुठल्या इस्पितळात जन्मला यापेक्षा कुठल्या रस्त्यावर खेळला ते मी धरतो.

पाटीपेन्सिल

निशाचर, कारण हवंय ना? मग फिलिप बर्टन या शिक्षकाबद्दल लिहिते. मी स्वतः आयुष्यभर माध्यमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे हा माणूस मला नटांपेक्षाही जवळचा वाटतो.

रिचर्डचं मूळ आडनाव जेन्किन्स. जन्म १० नोव्हेंबर १९२५. तेरा भावंडांतलं बारावं मूल. वडील खाणकामगार, पिण्याचा नाद जबर. रिचर्ड दोन वर्षांचा असताना, धाकट्या भावाच्या जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. मग थोरली विवाहित बहीण सेसिलिया, जिला सगळे सिस म्हणत, ती त्याला टायबाखला आपल्या घरी घेऊन आली. घरची भाषा वेल्श. इंग्रजी त्याने गावात आल्यावर आत्मसात केली. ज्याच्या इंग्रजी उच्चारांवर पुढे जग लुब्ध झालं त्याची ही सुरुवात.

सोळाच्या आसपास असताना घरच्या ओढगस्तीमुळे त्याची शाळा सुटली. सहकारी भांडाराच्या कपड्यांच्या विभागात तो नोकरीला लागला. त्या काळी एकदा शाळा सोडलेल्या कामगाराच्या पोराला परत वर्गात बसता येणं ही जवळजवळ अशक्य गोष्ट होती. पण गावातल्या काही जाणत्या लोकांनी शब्द टाकला आणि तो परतला. तिथे त्याला फिलिप बर्टन भेटले. इंग्रजी शिकवायचे, नाटकं बसवायचे, रेडिओसाठी लिहायचे. तेही खाणकामगाराचेच चिरंजीव.

त्यांनी या मुलाचा आवाज कसा घडवला ते मला फार भावतं. गावामागच्या डोंगरावर त्याला न्यायचे, शेक्सपिअरचे उतारे म्हणायला लावायचे आणि स्वतः एकेक पाऊल लांब जात राहायचे. अट अशी की मला शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे, पण तू ओरडायचं नाहीस. आवाज फेकणं आणि ओरडणं यातला फरक पुस्तकातून शिकवता येत नाही, तो असाच छातीत उतरवावा लागतो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी ज्यांनी घसा खरवडला आहे त्यांना हे नक्की पटेल.

फिलिप यांना त्याला दत्तक घ्यायचं होतं. कायद्यानुसार दोघांच्या वयात एकवीस वर्षांचं अंतर लागत होतं. फिलिप यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९०४चा. अंतर वीस दिवसांनी कमी पडलं! मग कायदेशीर पालक म्हणून त्यांनी जबाबदारी घेतली आणि जेन्किन्सचा बर्टन झाला. पुढे ऑक्सफर्ड, मग लंडनची रंगभूमी, मग हॉलिवूड. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही.

म्हणून मी म्हणते, हा योगायोग नव्हे. एका शिक्षकाने आपलं आडनाव दिलं, घर दिलं आणि वर्षानुवर्षं मेहनत घेतली.

अनुस्वार

काय प्रतिसाद आहे! वीस दिवसांची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

रानजाई

पाटीपेन्सिल ताई, शिक्षकाबद्दल सुंदर लिहिलंत, पण सिसला दोन ओळींत आटोपलंत. तिचं नुकतंच लग्न झालेलं, नवरा खाणीत कामाला, त्यात दोन वर्षांचा भाऊ पदरात. पुढे तिला स्वतःच्या मुली झाल्या. कोळशाच्या धुळीने माखलेले कपडे धुणारी, मंदीच्या वर्षांत संसार ओढणारी ही बाई नसती तर फिलिप बर्टनच्या वर्गापर्यंत तो मुलगा पोहोचलाच नसता. बर्टनही आयुष्यभर तिला आईच्या जागी मानत आला.

आणि एकूण धाग्यात बायका कुठे आहेत? गावाचं आधुनिक रूप घडवण्यात एमिली शार्लट टॅल्बट या बाईंचा मोठा वाटा. मार्गमच्या जमीनदार घराण्याची वारस. १८९० साली वडील वारले तेव्हा अफाट मालमत्ता तिच्याकडे आली. नवी गोदी आणि रेल्वे उभी राहिली ती तिच्या काळात, तिच्या पाठबळावर. पोलाद कारखाना आला तोही त्यानंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आजच्या काळात रेबेका इव्हान्स ही ऑपेरा गायिका आहे, तीही पॉन्टरिडिवेनचीच.

यष्टीरक्षक

नटांचं पुरे, आता राजकारणातला एक गडी घ्या. जेफ्री हाउ, जन्म डिसेंबर १९२६, पोर्ट टॅल्बट. मार्गारेट थॅचरच्या सरकारात आधी अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. बोलणं इतकं मवाळ की विरोधी पक्षाच्या डेनिस हीलीने एकदा म्हटलं होतं, यांनी हल्ला चढवणं म्हणजे मेलेल्या मेंढीने अंगावर धावून येणं.

त्याच माणसाने १३ नोव्हेंबर १९९० रोजी संसदेत राजीनाम्याचं भाषण केलं. युरोपच्या वाटाघाटींत थॅचरबाई आपल्याच मंत्र्यांचं कसं खच्चीकरण करतात हे सांगताना त्याने क्रिकेटची उपमा घेतली : सलामीचे फलंदाज मैदानात पाठवायचे आणि पहिला चेंडू पडताच त्यांच्या लक्षात यावं की आपल्या बॅटी सामन्याआधीच मोडून ठेवल्यात, त्याही खुद्द कप्तानाने! आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. बाजूला बसलेल्या सहकाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. दहा दिवस व्हायच्या आत थॅचरबाईंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं.

अकरा वर्षं कुणाला जमलं नाही ते मेंढीने करून दाखवलं.

तिखटमीठ

यष्टीरक्षक, शेवटची ओळ भारी!

निशाचर

हाउ मान्य. पण तो सॉलिसिटरचा मुलगा, विंचेस्टरसारख्या महागड्या शाळेत शिकलेला. त्याला डोंगरावर नेणारा शिक्षक नव्हता. म्हणजे 'कारखान्याच्या गावाने घडवलं' हे सूत्र त्याला लागू पडत नाही.

जुनेजाणते

निशाचर यांचा मुद्दा बरोबर आहे, तरी तारखा बघा. बर्टन नोव्हेंबर १९२५, क्लाइव्ह जेन्किन्स मे १९२६, जेफ्री हाउ डिसेंबर १९२६. यातला मधला कामगार पुढारी. चौदाव्या वर्षी धातूंच्या प्रयोगशाळेत कामाला लागला आणि पुढे पांढरपेशा तंत्रज्ञांची मोठी संघटना त्याने बांधली. त्याचा जन्म २ मेचा, आणि त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. एक नट, एक पुढारी, एक मंत्री. चौदा महिन्यांच्या आत, एकाच गावात. तिघांचीही आयुष्यं बोलण्यावर उभी राहिली.

आता आपल्याशी थेट जोडलेलं एक नाव सांगतो. १९२२ ते १९२९ या काळात ॲबरएव्हन मतदारसंघाचा, म्हणजे याच गावाचा, खासदार कोण होता? रॅम्से मॅकडोनल्ड. मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान. जानेवारी १९२४ मध्ये तो पंतप्रधान झाला तेव्हा पोर्ट टॅल्बटचे पोलाद कामगार आणि खाणकामगार त्याचे मतदार होते.

हाच मॅकडोनल्ड पुढे गोलमेज परिषदांच्या वेळी पंतप्रधान होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही परिषदांना हजर होते. १६ ऑगस्ट १९३२ रोजी मॅकडोनल्डने जातीय निवाडा जाहीर केला, अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण धरलं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातल्या इतक्या मोठ्या घडामोडीच्या एका टोकाला असलेल्या माणसाला पंतप्रधानपदापर्यंत पहिल्यांदा नेलं ते या गावच्या मतांनी. हे इथे लिहायलाच हवं होतं.

निशाचर

काका, माहिती अमूल्य आहे, पण मॅकडोनल्ड मूळचा स्कॉटलंडचा आणि १९३२ साली तो इंग्लंडमधल्या सीहॅमचा खासदार होता. खासदार म्हणून निवडून आलेल्याला 'गावचा' म्हणायला लागलो तर अवघड होईल.

जुनेजाणते

'गावचा' म्हणत नाहीच. पण गाव कुणाला निवडून देतं यावरूनही गाव कळतं.

भट्टीवाला

पोलाद उद्योगात नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे धाग्यावर आल्यावाचून राहवलं नाही. नटांबद्दल मला फार कळत नाही. ज्या कारखान्याचा उल्लेख वरवर झालाय त्याबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय हे गाव समजणार नाही.

१९५१ मध्ये तिथे ॲबी वर्क्स सुरू झालं. साठच्या दशकात अठरा हजारांच्या आसपास माणसं कामावर होती. म्हणजे घरटी एक माणूस कारखान्यात, असंच समजा. मग राष्ट्रीयीकरण, खाजगीकरण, कोरस कंपनी आणि २००७ साली टाटा स्टीलने कोरस विकत घेतली. आपल्याकडे तेव्हा पेढे वाटावेत असा उत्साह होता, आठवत असेल. मुंबईच्या बॉम्बे हाउसमधले, म्हणजे टाटांच्या मुख्यालयातले, निर्णय आणि वेल्समधल्या त्या ओळीतल्या घरांचा महिनाखर्च तेव्हापासून एकमेकांना बांधले गेले.

२०२४ मध्ये दोन्ही झोतभट्ट्या बंद झाल्या. एक जुलैत, दुसरी ३० सप्टेंबरला. झोतभट्टी म्हणजे नेमकं काय ते सांगतो. वरून लोहखनिज, कोक (भाजून तयार केलेला कोळसा), चुनखडी टाकतात, खालून तापलेली हवा जोराने फुंकतात. कोक खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, वितळलेलं लोखंड तळाशी साचतं, त्यावर मळी तरंगते. ठरावीक वेळाने भोक पाडून लोखंड बाहेर काढायचं. ही भट्टी दिवसरात्र, सणवार न बघता, वर्षानुवर्षं चालते. संध्याकाळी बंद करून सकाळी सुरू करता येत नाही. म्हणून भट्टी कायमची विझवणं काय असतं हे तिथे काम केलेल्यालाच कळतं. तळाशी कान लावून आवाज ओळखणारी माणसं असतात, त्यांच्या त्या कसबाला दुसरीकडे गिऱ्हाईक नाही.

आता त्या जागी विजेवर चालणारी आर्क भट्टी उभी राहतेय. सव्वा अब्ज पौंडांचा खर्च, त्यातले पन्नास कोटी ब्रिटिश सरकारचे. ग्राफाइटच्या जाड कांड्यांमधून वीज सोडून भंगार वितळवायचं. धूर आणि कार्बन खूप कमी. पण माणसंही कमी लागतात. कोक नाही, खनिज नाही, म्हणजे ती अख्खी साखळी नाही. ब्रिटनभरात अठ्ठावीसशेच्या आसपास नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं, त्यातल्या बहुतेक याच गावातल्या. पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे बरोबर आहेत आणि नोकरी गेलेला कामगारही बरोबर आहे. मला दोघांचंही पटतं.

अनुस्वार

भट्टीवाला काका, यावर स्वतंत्र धागा काढाच.

अवांतर : भिंतींवर गुपचूप चित्रं काढणाऱ्या बॅन्क्सीचं चित्र याच गावातलं ना?

सांजवारा

हो. डिसेंबर २०१८ मध्ये टायबाखमधल्या एका गॅरेजच्या दोन भिंतींवर ते रातोरात उमटलं. एका बाजूने बघितलं तर एक लहान मुलगा हात पसरून, जीभ बाहेर काढून बर्फ झेलतोय. कोपऱ्यावरून वळलं की दिसतं, बर्फ नव्हे, पेटलेल्या कचरापेटीतून उडणारी राख आहे ती. गॅरेज एका पोलाद कामगाराचं. बघायला इतकी झुंबड उडाली की पहारा आणि कुंपण घालावं लागलं. पुढे एका कलाव्यापाऱ्याने ते विकत घेतलं, भिंतीसकट कापून हलवलं आणि २०२२च्या सुरुवातीला ते गावाबाहेर गेलं. खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसणारी कारखान्याची धूळ हा गावकऱ्यांचा जुना विषय, त्यामुळे चित्र त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

स्वाती_कार्डिफ

मायकेल शीनबद्दल कुणीच विस्ताराने लिहिलं नाही? मग मी लिहिते.

२०११ च्या ईस्टरला, गुड फ्रायडे ते रविवार, त्याने गावातच तीन दिवसांचं नाटक केलं. नॅशनल थिएटर वेल्सची निर्मिती, पण रंगमंच म्हणजे अख्खं गाव. समुद्रकिनारा, बाजारपेठ, महामार्गाच्या खालची जागा, कामगारांचा क्लब. व्यावसायिक नट मूठभर आणि गावातले हजारावर लोक. शीनने रंगवलेल्या माणसाला स्वतःचं काहीच आठवत नाही. तो गावकऱ्यांच्या गोष्टी ऐकत फिरतो. शेवटी किनाऱ्याजवळच्या चौकात त्याला क्रूसावर चढवतात आणि तिथे त्याला सगळं आठवू लागतं. तो एकेक करून गावातली नावं घेतो. माणसांची, दुकानांची, पाडलेल्या जागांची. साठच्या दशकात महामार्गासाठी कितीतरी घरं जमीनदोस्त झाली होती, म्हणजे ज्यांची नावं घेतली जात होती त्यातले कित्येक जण ऐकणाऱ्यांचेच नातेवाईक, शेजारी.

माझी एक सहकारी मूळची तिथली. तिचे वडील कारखान्यात होते. ते कधीही नाटकाला न गेलेले गृहस्थ तीनही दिवस त्या गर्दीबरोबर चालत राहिले असं ती सांगते.

त्यानंतरचं शीनचं वागणंही बघा. २०१९ मध्ये कार्डिफला बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाचे पैसे ऐन वेळी अडले, तर याने स्वतःची घरं विकून ते उभे केले. साउथ वेल्समधल्या सुमारे नऊशे लोकांची मिळून दहा लाख पौंडांची थकीत कर्जं त्याने स्वतःच्या एक लाख पौंडांत विकत घेतली आणि माफ करून टाकली. बँकांनी वसुलीची आशा सोडलेली कर्जं बाजारात कवडीमोलाने विकली जातात, ती वसुली कंपन्यांऐवजी याने घेतली. ब्रिटनच्या राणीकडून मिळालेला किताबही त्याने परत केला. अमेरिकेत चांगलं बस्तान बसलेलं असताना हा माणूस पोर्ट टॅल्बटजवळ परत राहायला आला.

आणि मूळ प्रश्नाबद्दल : शीन वेस्ट ग्लॅमॉर्गन युथ थिएटरमधून आला. तिथल्या शिक्षण खात्याच्या आधाराने चालणारं हे युवा नाट्यकेंद्र. पैसेवाल्या घरातली नसलेली मुलं तिथे सुट्टीत तालमी करायची. शीन स्वतः वारंवार सांगतो की आज तशी सोय उरलेली नाही आणि माझ्यासारख्या मुलाला आज हे जमलं नसतं.

पाटीपेन्सिल

स्वाती, तुझ्या शेवटच्या परिच्छेदाला माझे शंभर टक्के अनुमोदन. शाळेच्या अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की पहिल्यांदा नाटक आणि गाणंच कापलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निशाचर

फिलिप बर्टन मान्य. युथ थिएटर मान्य. हॉपकिन्सचं काय? त्याला कोण भेटलं?

स्वाती_कार्डिफ

हॉपकिन्स बेकरीवाल्याचा मुलगा, जन्म ३१ डिसेंबर १९३७. शाळेत अभ्यासात मागे, एकलकोंडा, पियानो आणि चित्रकलेत रमणारा. शाळा संपल्यावर पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. गावातल्या वायएमसीएमध्ये, म्हणजे ख्रिस्ती युवक संघटनेच्या केंद्रात, हौशी नाटक मंडळ होतं, तिथे तो जाऊ लागला. तिथून कार्डिफच्या संगीत-नाट्य महाविद्यालयात प्रवेश, मग लंडन, मग थोर नट लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये. म्हणजे त्याच्या वाटेवरही दार उघडं ठेवलेली एक जागा होतीच.

दुसरं म्हणजे बर्टन स्वतः. पोरवयात हॉपकिन्स बर्टनची सही घ्यायला गेला होता. बर्टन बहिणीकडे टायबाखला आलेला. इथल्याच रस्त्यावरून गेलेला माणूस हॉलिवूडमध्ये पोहोचतो हे त्याने बघितलं. पुढे शीनला लहानपणी असे दोन पुरावे होते. 'आपल्या गावातून हे होऊ शकतं' हे माहीत असणं फार मोठी गोष्ट आहे.

२०२१ मध्ये त्र्याऐंशीव्या वर्षी हॉपकिन्सला दुसरं ऑस्कर मिळालं, अभिनयाचं ऑस्कर मिळवणारा तो सर्वांत वयस्कर नट ठरला. सोहळ्याला तो नव्हता. तो तेव्हा वेल्समध्ये होता आणि आभार त्याने तिथल्याच हिरवळीवरून मानले.

यष्टीरक्षक

जॉर्ज थॉमस राहिला की! जन्म १९०९, पोर्ट टॅल्बट. १९७६ ते १९८३ ब्रिटिश संसदेचा सभापती. १९७८ मध्ये कामकाज रेडिओवरून ऐकू येऊ लागलं आणि त्याची 'ऑर्डर, ऑर्डर' ही वेल्श सुरातली हाक घरोघरी पोहोचली. चार्ल्स-डायनाच्या लग्नात बायबलचं वाचनही त्यानेच केलं.

रानजाई

त्याची दुसरी बाजूही लिहा. २१ ऑक्टोबर १९६६ ला ॲबरफॅनला कोळशाच्या राडारोड्याचा डोंगर शाळेवर कोसळला, १४४ जीव गेले, त्यातली ११६ मुलं. उरलेले ढिगारे हलवण्यासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेण्यात आले, तेव्हा वेल्सचा मंत्री हाच जॉर्ज थॉमस होता. ज्यांची मुलं गेली त्यांच्यासाठी जमलेल्या पैशाला हात घातला. ते पैसे परत मिळायला १९९७ उजाडलं. रेडिओवरचा गोड आवाज मला हे विसरायला लावू शकत नाही.

यष्टीरक्षक

हे लिहिलंत ते बरं केलंत. ही बाजू धाग्यात असायलाच हवी.

जुनेजाणते

आवाजाचीच गोष्ट निघाली आहे तर ज्याचा आवाज कुणी ऐकला नाही त्याचंही नाव घेऊ. डिक पेन्डेरिन, खरं नाव रिचर्ड लुईस. जन्म १८०८, ॲबरएव्हन. कामासाठी मर्थर टिडफिलला गेला. जून १८३१ मध्ये तिथे मजुरीतली कपात आणि कर्जवसुलीची जप्ती यांवरून कामगारांचा उठाव झाला, सैनिकांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. डोनल्ड ब्लॅक नावाच्या सैनिकाला संगीन लागून पायाला जखम झाली, त्याचा आळ डिकवर आला. खुद्द त्या सैनिकाला हल्लेखोर ओळखता आला नाही. अकरा हजार लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या. तरीही १३ ऑगस्ट १८३१ रोजी कार्डिफला त्याला फाशी दिलं. वय तेवीस. हे अन्यायाचं आहे, असंच काहीसं तो वेल्शमध्ये अखेर म्हणाला.

त्याचा देह मैलोनमैल वाहून ॲबरएव्हनला आणला आणि सेंट मेरीच्या चर्चच्या आवारात पुरला. १८७४ मध्ये अमेरिकेत एका माणसाने कबुली दिली की तो वार माझा होता. गावात आजही ती कबर आहे. माझ्या यादीत पहिलं नाव त्याचं.

तिखटमीठ

हे वाचून काही सुचेना.

सांजवारा

धागा अपेक्षेपेक्षा कितीतरी खोल गेला, सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवातीला म्हटलं होतं की मला कारण आहे असं वाटतं, आता सविस्तर सांगतो.

चॅपेलात दर रविवारी उत्तम बोलणारा माणूस ऐकायला मिळायचा आणि सगळ्या वस्तीने चार सुरांत गायचं असायचं. आयस्टेदफोदच्या, म्हणजे वेल्श साहित्य-संगीत महोत्सवाच्या, स्पर्धांमध्ये खाणकामगाराची पोरं स्टेजवर उभी राहून म्हणायची, गायची. बर्टनही लहानपणी त्यात गायला. संघटनेच्या सभेत मुद्दा मांडता आला नाही तर पगार कापला जाई. म्हणजे बोलता येणं ही पोटाची गरज होती. ही जमीन साउथ वेल्समध्ये सगळीकडेच होती, निशाचर यांचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच तर शेजारच्या गावांतूनही गायक आणि नट आले.

पोर्ट टॅल्बटचं वेगळेपण इतकंच की इथे योग्य वेळी योग्य दार उघडं होतं. बर्टनसाठी बहीण आणि शिक्षक, हॉपकिन्ससाठी वायएमसीए, शीनसाठी युवा नाट्यकेंद्र. तिसरं दार सरकारी पैशाचं होतं आणि तेच आज सगळ्यांत अडचणीत आहे. झोतभट्ट्या गेल्या त्याची चर्चा जगभर झाली, तालमीच्या खोल्या गेल्या त्याची होत नाही. मला पुढच्या दहा-पंधरा वर्षांची काळजी वाटते ती त्यामुळे.

निशाचर

मूळचं चॅपेल-सभा-गाणं हे कारण मला पटतं. 'दार' हा भाग प्रत्येक यशस्वी माणसाच्या चरित्रात सापडतोच, त्यामुळे त्यावर मी अजून पूर्ण सहमत नाही. ज्यांच्यासाठी दार उघडलं नाही त्यांची नावं आपल्याला कळतच नाहीत.

पाटीपेन्सिल

तेच तर म्हणतोय आम्ही!

अनुस्वार

उन्हाळ्यात कार्डिफला येतोय. एका दिवसात काय काय बघता येईल?

सांजवारा

सकाळी लवकर पॉन्टरिडिवेनला जा. दरीवरची प्रचंड कमानींची जुनी बांधकामं बघा, बर्टनच्या नावाची पायवाटही आहे. मग खाली टायबाखला कॅराडॉक स्ट्रीट, सिसचं घर याच रस्त्यावर. घरात लोक राहतात, बाहेरूनच बघा. दुपारी मार्गमचा किल्लेवजा वाडा आणि ॲबी, म्हणजे जुना मठ. त्या वाड्याचा ९ मार्च १८४१ रोजी काढलेला फोटो वेल्समधल्या सर्वांत जुन्या फोटोंपैकी एक आहे. छायाचित्रणाचा एक जनक हेन्री फॉक्स टॅल्बट हा या घराण्याचा नातलग. संध्याकाळी सेंट मेरीच्या आवारात डिकची कबर, आणि शेवटी ॲबरएव्हनचा किनारा. छत्री घ्या, उन्हाळा असला तरी घ्याच.

भट्टीवाला

किनाऱ्यावरून कारखाना दिसतो. नव्या भट्टीचं बांधकाम कितपत आलंय त्याचा एक फोटो माझ्यासाठी काढा.

अनुस्वार

नक्की काढतो, काका. कुठल्या बाजूने नीट दिसेल ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

तिखटमीठ

सांजवारा, पुढचा धागा मर्थर टिडफिलवर काढा. डिकची गोष्ट अर्धीच कळली, तिथल्या उठावाबद्दल अजून वाचायचंय.

जुनेजाणते

तो मी काढतो. आठवडाभर द्या.